आधी उजवा पाय

बसच्या शेवटच्या पायरीवरून शहापूरच्या स्टँडवर उतरताना कुणालीचा उजवा गुडघा सटकला, एवढंच झालं होतं. पडलीसुद्धा नव्हती ती. मागून उतरणाऱ्या एका बाईनं तिच्या कडेवरच्या राहीच्या फ्रॉकचा घेर मुठीत धरला, कंडक्टर 'अहो बाई, बाई' करत वाकला, कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली, आणि पाच मिनिटांनी ती कठड्यावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होती, जणू काय ते चपलेचंच चुकलं. त्या बाईनं राहीला तिच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "पोरगी सुटली व्हती गो तुझ्या हातातून. देवानं धरली." कुणाली उगाच हसली. कारण राही सुटली नव्हती. गुडघ्याच्या आत हाडावरून हाड घसरलं, ओल्या फरशीवर साबण घसरतो तसं, आणि त्या क्षणी कुणालीचे हात गुडघ्याकडं गेले. दोन्ही हात. कडेवर पावणेदोन वर्षांची मुलगी आहे हे हातांना ठाऊक असून ते तिला हवेत ठेवून खाली गेले, जिथं त्यांचं खरं काम होतं तिथं. हे कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी गुडघा पाहिला, बस पाहिली, रडणारी पोर पाहिली.

त्याला आज अकरा दिवस झाले होते. दुपारचा एक वाजून गेला होता आणि राही तिच्या पसरलेल्या पायांवर झोपली होती. पायांवर म्हणजे डाव्या पायावर, उजवा नुसता शेजारी ठेवलेला, पट्ट्यात आवळलेला, पाहुण्यासारखा. तान्हेपणी हिला याच दोन पायांच्या खोबणीत घालून अंघोळ घातलेली, तेल चोळलेलं, नाकात फुंकर मारलेली. पाय जरा हलवले की ती आता झोपेतच चोखल्यासारखे ओठ हलवायची. साधारण तीनपर्यंत झोपेल. चार वाजता दवाखान्यातल्या मुलीचा फोन येणार होता. "मॅडम, काय ठरलं ते चारला सांगा हं, दुसऱ्याची घालायची असेल तर मुंबईहून मागवावी लागते," असं ती सकाळीच म्हणाली होती, केकवर काय नाव घालायचं ते विचारावं तशी. चारपर्यंत कुणालीला ठरवायचं होतं, की गुडघ्यातली गेलेली शीर, हाडाला हाड बांधून ठेवणारी, पुन्हा करायची तर ती कुठून घ्यायची. आणि ते तिनं एकटीनं ठरवायचं होतं, कारण सुयोग गुरुवारपासून बोलत नव्हता.

बोलत नव्हता असंही नाही. मीठ दे म्हणायचा. राहीशी तर नेहमीसारखाच. पण गुरुवारी कल्याणहून येणाऱ्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ धरली, आणि विचारलं, "कधी लागलं?" "आठ व– पाच दिवस झाले," कुणाली म्हणाली. खरा आकडा सांगूनही खोटं बोलता येतं, तिला वाटलं, कारण बसला पाच दिवस झाले हे अगदी खरं होतं तेव्हा. डॉक्टरांनी मान हलवली. "छे. ही शीर तुटून वितळून गेलीय. गादीही एका बाजूनं झिजलीय. सात-आठ वर्षांची जखम आहे ही. बसमध्ये झालं ते नुसतं निमित्त." बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. "आठ वर्षं?" सुयोग म्हणाला. डॉक्टरांना नव्हे, तिलाही नव्हे, फिल्मला. त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

सुयोग भातसानगरला धरणावर होता. भिंतीच्या पोटात एक लांब, थंड बोळ आहे, तिथं उतरून झिरपणारं पाणी मोजायचं हे त्याचं काम. नव्या नवरीला त्यानं ते कौतुकानं सांगितलं होतं. भिंतीतून पाणी झिरपतंच, त्याला घाबरायचं नसतं. रोज मोजायचं. आकडा रोजच्यासारखा आला की वर येऊन चहा प्यायचा. "आणि नाही आला तर?" तिनं विचारलं होतं. "तर पुन्हा मोजायचं," तो म्हणाला होता. गुरुवारपासून तो तिला मोजत होता. ती मोरीकडं निघाली की वर्तमानपत्राच्या वरून त्याची नजर तिच्या पावलांवर यायची. दारातून अंगणात उतरायला दोन पायऱ्या होत्या. आधी उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी, एक हात गुडघ्यावर. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. सात वर्षं ती अशीच उतरत होती आणि सात वर्षं घरात त्याचं कौतुक होतं. सासूबाई थोरल्या दिराकडं किन्हवलीला राहतात, त्या तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची धाकटी कधी डावा पाय पुढं टाकीत नाही. लक्ष्मीच्या पावलांची आहे." सुयोग चिडवायचा, "मॅडम, खड्डा असला तरी उजवाच का?" ती हसायची. दुखऱ्या पायानं आधी उतरावं आणि धडक्या पायानं भार सांभाळावा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पायानं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि ते नेमकं शुभ निघालं होतं.

तिनं उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा ठेवला. इथली एक. डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उलटसुलट करून दाखवला होता. वाटीखालची पट्टी घेतली तर ती हाडाच्या तुकड्यासकट निघते, हाडात पाडलेल्या बोगद्यात घट्ट बसते, लवकर धरते. पण पुढं गुडघे टेकले की टोचतं, काहींना जन्मभर. मांडीमागच्या दोन दोऱ्या घेतल्या तर पुढं टोचत नाही. पाय मागं ओढायचं बळ मात्र थोडं जातं. वाटीच्या वरून, मांडीच्या पुढूनही घेतात, चांगली जाड असते, जिन्यावर काही महिने मांडी कुरकुरते. "आणि चौथी दुसऱ्याची. देहदान केलेल्या माणसाची. तुमचं काहीच कापायचं नाही, दुखणं कमी. पण तुमच्या वयाला ती परत तुटायची भीती जास्त. परक्या शिरेला आपली करून घ्यायला शरीर वेळ लावतं." मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं, "तुम्ही दिवसभर काय करता? त्यावर ठरेल." आणि सुयोगनं उत्तर दिलं होतं, "घरीच असते."

घरीच असते. मग घरी काय करतो गुडघा? राही पाठीवर बसते आणि कुणाली ओट्यापासून कपाटापर्यंत घोडा होते, गुडघे टेकून, "टप्पक टप्पक." वाटीखालची दिली तर घोडा गेला. उकिडवं बसून धुणं, भाकरी, शेगडीखालची फरशी; वरची दिली तर मांडी यातच कुरकुरेल. आणि जुलैत पंधरा दिवस टोकावड्याला, आईच्या शेतात भाताच्या आवणीला. चिखलातून पाय वर काढायचा तर बळ मांडीमागूनच लागतं, पोटरीपर्यंतचा गाळ सोडत नाही, आतून कुणी घोटा धरून ठेवल्यासारखा ओढतो. मागच्या दोन दोऱ्या दिल्या तर तो एक दिवस सोडणारच नाही. म्हणून काल दिवसभर ती चौथीच्या बाजूची होती. काही कापायचं नाही, काही द्यायचं नाही. पण रात्री जेवताना घास तोंडाशी थांबला. कुणाची? एखाद्या बाईची असेल. तीही कुठल्या तरी पायऱ्यांवरून कशी तरी उतरत असेल. तिच्या माणसांनी दहाव्याला पिंड मांडला असेल आणि कावळा फांदीवरून हलला नसेल. सगळे हात जोडून म्हणाले असतील, मुलांना सांभाळू, घर सांभाळू, शिव आता. आणि कुणाला आठवलंच नसेल, की तिच्यातलं वीतभर अजून कुठं तरी बर्फात ठेवलेलं आहे आणि त्याला चालायचं आहे. अशी एक वीत आपल्या गुडघ्यात आली आणि तिला राही ओळखीची नसली तर?

सगळ्यांत वाईट मात्र डॉक्टरांनी शेवटी सांगितलं होतं, उठता उठता, दाराशी. "एक लक्षात ठेवा. कुठलीही शीर बसवली तरी आत गेल्यावर ती आधी मरते. तिचं रक्त तुटलेलं असतं ना. मग हळूहळू शरीर तिच्यात शिरतं, तिला जिवंत करतं. मधे दुसरा-तिसरा महिना येतो. तेव्हा सूज गेलेली असते, दुखत नसतं, पेशंटला वाटतं झालं, बरं झालं. आणि शीर सगळ्यांत कच्ची तेव्हाच असते." बरं वाटेल तेव्हाच. कुणालीनं बोटांवर मोजलं होतं. आता एप्रिल. तिसरा महिना म्हणजे जुलै. तोवर राही दोन वर्षांची होऊन हाताला लागेनाशी झालेली असेल.

अंगणाचं फाटक करकरलं. अडीच वाजले होते. खिडकीतून आधी डोक्यावरची पिशवी दिसली, मग गीताबाई, तिची आई. टोकावड्याहून मुरबाड आणि मुरबाडहून शहापूर, दोन गाड्या बदलून, न कळवता.

"झोपली काय गो ती?" गीताबाई दारातून कुजबुजली. "उठू नको, उठू नको. बस तू."

"आई? फोन तरी करायचा."

"फोन केला तर तू येऊ नको बोलली असती." ती भिंतीला टेकून खाली बसली, सरळ, एका झटक्यात, पंचावन्न वर्षांचे गुडघे मिटून. पिशवीतून धुतलेलं लुगडं काढलं, टॉवेल, आधारकार्ड, दोन फोटो.

"जेवलीस?"

"नाय. सकाळपासून पोटात काय नाय घेतला. चहा पण नाय."

"का गं?"

"आता कापाकापी असल तर रिकाम्या पोटी लागतो ना," गीताबाई म्हणाली आणि लुगडं वर करून तिनं आपला उजवा पाय पुढं केला. काळा, काटक, नडगीवर विळ्याचा जुना व्रण, बोटांच्या बेचक्यांत चिखलानं खाल्लेल्या पांढऱ्या रेघा. "सुयोगचा फोन आलेला. शीर पायजे बोलला. माझी घे. शेजारच्या रुपानं भावाला किडनी नाय दिली? ती चालते तं ही का नाय चालायची? घरातली ती घरातली."

कुणालीला हसू आलं, आणि हसता हसता तोंड दाबून धरावं लागलं, कारण मांडीवर राही चाळवली. "आई, जिवंत माणसाची नाही घेत गं. तशी नाही देता येत."

"मेल्याची घेतात आन जित्याची नाय?"

"हो."

"कसले गो कायदे तुमचे," गीताबाई म्हणाली. पण पाय मागं घेतला नाही. तसाच राहिला तो दोघींच्या मधे, फरशीवर, आणलेली आणि परत न्यायची वस्तू असावी तसा.

मग कुणालीच्या ध्यानात आलं. "सुयोगनं फोन केला होता? काय म्हणाला?"

"शीर तुटलेय बोलला. मंग बोलला, सासूबाई, लग्नाच्या आदी ती कबड्डी खेळायची, तवा पडली व्हती काय."

"तू काय सांगितलंस?"

गीताबाईनं लुगड्याची किनार नीट केली. कुणाली तिच्याकडं पाहत राहिली आणि पाहता पाहता तिला मुरबाडचं मैदान दिसायला लागलं, चुन्याची रेघ, पलीकडच्या पोरीचा हात घोट्यावर पडला तो, आणि आपण वळलो तो. पाय तिथंच राहिला होता, बाकीची कुणाली वळली होती. आतून आवाज आला, ओली जून वेल पिळून तोडल्यासारखा, आणि मैदानावरच्या तीनशे माणसांत तो फक्त तिलाच ऐकू गेला. गुडघा भोपळ्याएवढा झाला. आईनं रिक्षात घालून टोकावड्यापलीकडच्या वाडीवर नेलं, कोंडूकडं, हाडं बसवणाऱ्याकडं. अंधारी, धुराच्या वासाची झोपडी. कोंडूनं डोळे मिटून गुडघा चाचपला, खालचा पाय धरून हळूच पुढं ओढला, पुन्हा ओढला. मग आईला बाहेर बोलावून घेतलं. परत आल्यावर आई म्हणाली होती, "पाला बांधायचा बोलला. महिन्यात बरा व्हल." पाला बांधला, बरं झालं. म्हणजे सूज उतरली. आणि सुयोगच्या घरचे बघायला आले तेव्हा तिनं चहाचा ट्रे आणून, ठेवून, सावकाश पाठमोरं जाऊन दाखवलं होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आईनं अंगणात तांदळानं भरलेलं माप ठेवलं होतं. उंबऱ्यावर ते उजव्या पायानं लवंडून नवरी घरात जाते, त्याची तालीम. चारदा भरलं, चारदा लवंडलं. "नुसता अंगठा लाव. पाय टाक, पन वजन टाकू नको. वजन डाव्यावर ठेव. परत कर." कोंबड्या तांदूळ टिपत होत्या. तेव्हा कुणालीला वाटलं होतं, सगळ्याच आया अशी तालीम घेतात.

"आई. कोंडू काय म्हणाला होता तुला बाहेर?"

पंखा फिरत होता. स्टँडवरून कुठली तरी गाडी सुटण्याची घोषणा आली आणि विरली.

"बोलला, हाड नाय. आतली दोरी तुटलेय. माझ्या हातची नाय ही. ठाण्याला न्या, मोठ्या दवाखान्यात." तिनं राहीकडं पाहिलं. "पंधरा दिवसांनी मान्सा येनार व्हती बघायला. पोरीच्या पायात खोट हाय कळला असता तं कुनी केली असती? मी बोलले, चालतेय ना. चालतेय तवर चालू दे."

कुणालीला वाटलं आपल्याला राग येईल. ती वाट पाहत बसली. पण रागाच्या जागी तो स्टँडच आला, ती पायरी, आणि आपले दोन हात. आईचेही हात त्या झोपडीबाहेर असेच गेले असतील. आधी कुठं जायचं हे कुणी न विचारता. हातांना घाई असते. त्यांनी काय सोडलं ते मागाहून कळतं, फ्रॉकचा घेर दुसऱ्याच कुणाच्या मुठीत दिसतो तेव्हा.

"सुयोगला सांगितलंस का हे?"

"सांगितला सगळा. कोंडूचा पन." गीताबाईनं आधारकार्ड परत पिशवीत ठेवलं. "ऐकून घेतला त्यानं. मंग बोलला, ठीक. आन ठेवला."

ठीक. तो वर येऊन चहा पिणार होता की पुन्हा मोजणार होता, त्या एका शब्दावरून काही कळत नव्हतं.

तिनं आईला मग सगळं सांगितलं, वाटीखालची, मागची, वरची, मेलेल्या माणसाची. आणि आत गेल्यावर शीर आधी मरते तेही. गीताबाई लक्ष देऊन ऐकत होती. "मंग आवनीसारखाच की," ती म्हणाली. "रोप उपटून लावला का आठ दिस पिवळाच पडतो. मेला वाटतो. आपुन पानी धरायचा आन वाट बघायची. पन आपल्याच राबातला रोप लावावा गो, लोकांचा आनलेला धरील नाय धरील." मग जरा थांबून म्हणाली, "आवनीला येऊ नको यंदा."

"मागच्या घेतल्या तर कधीच नाही येता येणार कदाचित. पाय निघायचा नाही चिखलातून."

"नको येऊ. तिला घोडा घोडा करशील ना? तेवढा ऱ्हाऊ दे."

राही झोपेतून उठली ती हसतच. आजी दिसल्यावर पायांवरून घरंगळली, आजीच्या गळ्यात पडली, पिशवीत डोकं घातलं, आणि दाराकडं धावली. आजी तिच्यामागं उठली, तिच्या आधी अंगणात उतरून दोन्ही हात पसरून उभी राहिली. "ये. ये गो माझी बाय. उडी मार."

चार वाजायला पाच मिनिटं होती आणि फोन आला. "मॅडम, दवाखान्यातून बोलतेय. काय ठरलं?"

कुणाली भिंतीला धरून उठली होती. दारातून तिला राहीची पाठ दिसत होती. राहीनं उडी मारली नाही. ती पायरीच्या कडेला थांबली. वाकली. उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, एक आधी आणि मग दुसराही, आणि उजवा पाय खाली सोडला, बोटांनी जमीन चाचपली, दोनदा, मग टेकवला. डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला. थांबली. पुन्हा वाकली.

"अगो, पाय दुखतो काय तुझा?" गीताबाई खाली बसली, तिनं तो इवला गुडघा हातात घेतला, दाबला, वाकवला, सरळ केला. खालचा पाय धरून हळूच पुढं ओढून पाहिला, कोंडूनं ओढला होता तसा. कुठं काही नव्हतं. राहीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळून हात सोडवून पायऱ्या चढली, आधी डाव्या पायानं, आणि पुन्हा तशीच उतरली; दोन्ही हात गुडघ्यावर, भुवया जुळवून, मोठ्या माणसाच्या गांभीर्यानं. गीताबाईनं मान वर करून दाराकडं पाहिलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. तिच्या मागं फाटकाशी सुयोग उभा होता. आज लवकर आलेला, गाडीची किल्ली हातात तशीच. तो आत येत नव्हता. तो पायऱ्यांकडं पाहत होता.

"मॅडम? ऐकताय ना? दुसऱ्याची मागवायची का?"

"नको," कुणाली म्हणाली. "माझीच. मांडीमागची."

"ओके. पुढच्या गुरुवारी, सकाळी सातला या. उपाशी पोटी. आणि मॅडम, महिना-दीड महिना मुलीला उचलायचं नाही हं."

"आणि तिसऱ्या महिन्यात?" कुणालीनं विचारलं.

"तिसऱ्या महिन्यात काय, तेव्हा तर एकदम छान वाटेल तुम्हाला," ती मुलगी म्हणाली.

राही पुन्हा वर चढून आली होती. ती पायरीच्या कडेला उभी राहिली आणि उतरण्याआधी मागं वळून आईकडं पाहू लागली, बरोबर करतेय ना, असं.